मोहरी आत्याचा गूळ आणि खोकणारी गाडी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हा हे सगळं सुरू झालं.

मोहरी मुंगी रस्त्यानं चालली होती. तुरु तुरु, तुरु तुरु. डोक्यावर गुळाचा खडा. केवढा खडा? मोहरीच्या डोक्याहून मोठा!

मोहरी आत्या झाली होती. तिच्या दादाला बाळ झालं होतं. एवढुस्सं! आज दसरा. आज त्या बाळाचं बारसं.

मुंग्यांच्या घरी कसं असतं, ठाऊक आहे? आत्या गूळ आणते. बाळाच्या जिभेला लावते. मग कानात नाव सांगते. गूळ नाही, तर नाव नाही. आणि नाव नाही, तर बाळाला हाक काय मारायची? "ए अमुक"? "ए तमुक"? छे छे छे!

आणि मुंग्यांची बारशी फक्त दसऱ्यालाच होतात. तीही ऊन डोक्यावर यायच्या आत. उशीर झाला, की थेट पुढचा दसरा. तोवर बाळ बिननावाचं!

म्हणून मोहरी घाईत होती. तुरु तुरु, तुरु तुरु.

तेवढ्यात मागून आवाज आला.

भुर्रर्र... भुर्र... भुर... खुडुक! खुडुक! फुस्स!

दत्तूकाकांची हिरवी गाडी चढावर आली. आली ती थरथरत आली. धक्के खात आली. मागून काळा काळा धूर. गाडीचा जोरच गेला होता. एक गोगलगाय तिच्या पुढे निघून गेली. वळून हसलीसुद्धा.

मोहरी घाबरली. टुणकन बाजूला झाली. पण डोक्यावरचा गूळ पडला. घरंगळत गेला. चाकाच्या खाचेत जाऊन बसला.

आणि गाडी थांबली. ठप्प!

गूळ चाकाखाली. मोहरी बाहेर. आता?

गाडीतून दत्तूकाका उतरले. त्यांनी चाकामागे दगड लावला. हिराकाकू उतरल्या. नवं लुगडं, नाकात नथ. काकूंना माहेरी जायचं होतं.

"काय झालं हो हिला?" काकूंनी विचारलं.

"काय की बुवा. घरून निघताना बरी होती."

"खोकतेय ती. सर्दी झालीय तिला."

"अगं, गाडीला कधी सर्दी होते का?"

"मग तुमच्यासारखी कशी खोकते?"

काका खोकतच गाडीच्या पुढे गेले.

मोहरी चाकाकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चाकदादा, चाकदादा, पुढे सरा ना!
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

चाक म्हणालं, "मी नाही सरणार ज्जा! मागे दगड, पुढे चढ. इंजिनमामा ढकलेल, तर मी सरेन."

काकांनी गाडीचं बॉनेट उघडलं. आत बघितलं. कमरेवर हात ठेवले. मान हलवली. काही कळलं नाही. मग पुन्हा मान हलवली.

"दिसलं का काही?" काकूंनी विचारलं.

"दिसलं ना. इंजिन दिसलं."

"ते मलाही दिसतंय हो!"

बॉनेट उघडंच राहिलं. मोहरी चाकावरून चढली. वर वर चढली. इंजिनाकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. (गाडी थंड झाली होती हं. गरम गाडीला कुणी हात लावायचा नाही. कळलं?)

"इंजिनमामा, इंजिनमामा, जोरात ढकला ना!
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

इंजिनमामा म्हणाला, "मी नाही ढकलणार ज्जा! अंगात त्राण नाही. प्लगभाऊ ठिणगी पाडेल, तर मी ढकलेन."

मोहरी प्लगकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

प्लग ठिणगी पाडायचा. त्या ठिणगीनं गाडी चालायची. पण आज त्याचं तोंड काळं कुट्ट! सगळीकडे काजळी.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, ठिणगी पाडा ना!
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

प्लगभाऊ म्हणाला, "मी नाही पाडणार ज्जा! माझं तोंड बघ! हे त्या पेट्रोलरावाचं काम. नीट जळत नाही. नुसता धूर करतो. काजळी कुणाच्या तोंडाला? माझ्या! पेट्रोलराव नीट जळेल, तर मी ठिणगी पाडेन."

बाहेर काकूंनी पिशवीतून ओवा काढला. रुमालात बांधला. पुरचुंडी केली. गाडीच्या छातीवर ठेवली.

"हे काय करतेस?" काका म्हणाले.

"ओव्याचा शेक. कफ मोकळा होतो."

"अगं, ती गाडी आहे!"

"मी कुठे म्हैस म्हटलं?"

मोहरी पेट्रोलकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. पेट्रोलराव एका वाटीत बसला होता. चुळुक चुळुक डुलत होता. वाटी काठोकाठ भरली होती.

"पेट्रोलराव, पेट्रोलराव, नीट जळा ना!
ठिणगी पडेना,
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

पेट्रोलराव म्हणाला, "मी नाही जळणार ज्जा! एकट्यानं कसा जळू? चुलीला फुंकर लागते ना? मलाही वारा लागतो. आज वारा येतच नाही. मी आपला बसलोय, बसलोय, बसलोय. वारेबुवा आत येतील, तर मी जळेन."

आता वारा कुठे भेटणार? मोहरीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. वारा बाहेरच होता! काकूंचा पदर उडवत होता. फड फड, फड फड.

मोहरी बॉनेटच्या टोकाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. घट्ट धरून उभी राहिली.

"वारेबुवा, वारेबुवा, आत या ना!
पेट्रोल जळेना,
ठिणगी पडेना,
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

वारेबुवा म्हणाले, "मी नाही येणार ज्जा! मी कुणाच्या घरात असाच घुसत नाही. गाडी मला नाकानं ओढते, सूंऽऽऽ! तेव्हा मी आत जातो. आज ओढतच नाही. नाकोबा फुलेल, तर मी येईन."

गाडीला नाक असतं? असतं की! एक जाड काळा पाइप. पाइपाला गोल तोंड. तेच गाडीचं नाक.

काका तेवढ्यात आत जाऊन बसले. किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र... खुडुक... फुस्स!

मग त्यांनी हॉर्न वाजवला. पों पों!

"हॉर्न चांगला आहे," काका म्हणाले.

मग काच पुसायच्या काड्या चालवल्या. फटक फटक.

"काड्याही चांगल्या आहेत."

"छान!" काकू म्हणाल्या. "मग काड्यांवर बसूनच माहेरी जाऊ या का?"

मोहरी गाडीच्या नाकाकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"नाकोबा, नाकोबा, जरा फुला ना!
वारा येईना,
पेट्रोल जळेना,
ठिणगी पडेना,
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

नाकोबा म्हणाला, "बी डाही फुलडार ज्जा!"

"काय?" मोहरी म्हणाली.

"बी डाही! बाझं डाक बंद आहे!"

"अय्या! तुमचं नाक बंद आहे?"

"हो डा! आत फूल बसलंय. झेंडूताई हलेल, तर बी फुलेड."

मोहरीनं आत डोकावून बघितलं. खरंच की! नाकात झेंडूचं फूल. पिवळं धम्मक. गोल गरगरीत. मांडी घालून बसलेलं.

मोहरी फुलाकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"झेंडूताई, झेंडूताई, जरा हला ना!
नाक फुलेना,
वारा येईना,
पेट्रोल जळेना,
ठिणगी पडेना,
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

झेंडूताई म्हणाली, "मी नाही हलणार ज्जा! मी साधंसुधं फूल नाही. मी पूजेचं फूल! आज गाडीची पूजा झाली. काकूंनी दिव्यांना कुंकू लावलं. आरशाला हळद लावली. पुढे हार घातला. शेवटी एक फूल उरलं. ते म्हणजे मी! काकू म्हणाल्या, इंजिनाला कुणी वाहिलंच नाही, बिच्चारं! त्यांनी बॉनेट उघडलं. हे गोल भोक दिसलं. त्यात मला बसवलं. फिट्ट! आता काकू उठवतील, तर मी हलेन."

मोहरी खाली उतरली. सरर्र! काकूंच्या लुगड्यावर चढली. पदरावरून खांद्यावर. खांद्यावरून कानाशी. तुरु तुरु, तुरु तुरु.

"काकू, काकू, फूल काढा ना!
फूल हलेना,
नाक फुलेना,
वारा येईना,
पेट्रोल जळेना,
ठिणगी पडेना,
इंजिन ढकलेना,
चाक सरेना,
गूळ सुटेना,
बाळाला नाव मिळेना!"

काकू दचकल्या. "अग्गोबाई! मुंगी बोलतेय!"

"ऊन लागलंय तुला," काका म्हणाले.

"गप्प बसा हो! ऐकू द्या." काकूंनी मान वाकडी केली. "हां, बोल गं बाई. पुन्हा सांग."

मोहरीनं पुन्हा सांगितलं. सगळं सगळं सांगितलं.

"अस्सं होय!" काकू म्हणाल्या. "पण मी नाही काढणार ज्जा! वाहिलेलं फूल ओढून काढत नाहीत. ते आपणहून पडायला हवं. पडलं, की कौल मिळाला. मग प्रवास सुखाचा."

"मी काढतो की," काका म्हणाले. गाडीतून उतरून त्यांनी हात पुढे केला.

चप्प! काकूंनी हातावर चापट मारली. "खबरदार! पूजा मी केली. कौल मीच घेणार!"

झालं. मोहरी खाली आली. चाकाजवळ बसली. गूळ समोर दिसत होता. पण हातात येत नव्हता.

ऊन वर चढत होतं. मोहरीची सावली आखूड होत होती. तिकडे बाळ वाट बघत असेल. सगळे म्हणत असतील, आत्या आली का? आत्या आली का? मोहरीच्या डोळ्यात पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यातलं पाणी. ते किती असणार? पण आलं.

आता कुणाकडे जायचं? चाक झालं. इंजिन झालं. प्लग झाला. पेट्रोल झालं. वारा झाला. नाक झालं. फूल झालं. काकूही झाल्या. कुणीच उरलं नाही.

उरली फक्त मोहरी.

मोहरीनं डोळे पुसले. उठली. पुन्हा वर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु.

"नाकोबा," ती म्हणाली, "तुम्हाला गुदगुल्या होतात का हो?"

"डको डको डको!" नाकोबा ओरडला. "करू डकोस! बी शिंकेड!"

"तेच तर हवंय!" मोहरी म्हणाली.

ती झेंडूच्या पाकळ्यांतून आत शिरली. (बाळांनो, नाकात काही घालायचं नाही हं. बी नाही, मणी नाही, शेंगदाणा नाही. मोहरी गेली, कारण ते गाडीचं नाक होतं. तुमचं नव्हे.)

"काकाऽऽ, किल्ली फिरवाऽऽ!" मोहरी आतून ओरडली.

"कोण बोललं?" काका म्हणाले.

"फिरवा म्हणते ना ती!" काकू म्हणाल्या.

काका आत बसले. किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र...

मोहरीनं सहाही पायांनी गुदगुल्या केल्या. गुदु गुदु, गुदु गुदु, गुदु गुदु.

नाकोबा हुळहुळला. गाडी थरथरली.

आऽऽ...

आऽऽऽऽ...

आऽऽऽऽऽऽ...

आक्छीऽऽऽऽ!

फट्ट! फूल उडालं. गरगर फिरलं. आणि काकूंच्या उजव्या हातात येऊन पडलं.

"उजवा कौल! उजवा कौल!" काकू नाचायला लागल्या. नथ हलली, पदर उडाला.

आणि मोहरी? मोहरीपण उडाली! वर वर गेली. ढगात जाते की काय! मग खाली आली. खिडकीतून थेट काकांच्या मिशीत. काकांच्या नाकाला गुदगुल्या.

आऽऽक्छी!

मोहरी पुन्हा उडाली. टुप्पकन रस्त्यावर पडली. चाकाच्या शेजारी. अगदी हवी तिथे!

मग काय झालं?

फूल हललं,
नाक फुललं,
वारा आला, सूंऽऽऽ!
पेट्रोल जळलं, भक्क!
ठिणगी पडली, चट्!
इंजिनानं ढकललं, भुर्रर्रर्र!
चाक सरलं, गड गड गड!
गूळ सुटला, टप्प!

"सांगत नव्हते?" काकू म्हणाल्या. "सर्दीच होती!"

"हो गं बाई, सर्दीच होती," काका म्हणाले. "डॉक्टरीणबाई, आता बसा आत."

"आणि ओव्याची पुरचुंडी घ्या बरोबर. परत खोकली तर?" म्हणत काकूंनी बॉनेट लावलं.

गाडी चढावर निघाली. थरथर नाही. खुडुक नाही. काळा धूर नाही. भुर्रर्रर्रर्र! मघाच्या गोगलगायीनं पटकन रस्ता दिला.

मोहरीनं गूळ उचलला. डोक्यावर घेतला. आणि पळाली. तुरु तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

सावली इवलीशी झाली होती. पायाखाली जायला जराशीच उरली होती.

वारुळाच्या दारात सगळे उभे होते.

"आली! आली! आत्या आली!"

"कुठे होतीस गं?" वहिनी म्हणाली. "किती वाट बघायची?"

"गाडीच्या नाकात होते," मोहरी म्हणाली.

"कुठे?"

"मग सांगते. आधी बाळ कुठे आहे?"

शेंगेच्या टरफलाचा पाळणा होता. पाळण्यात बाळ होतं. एवढुस्सं! मोहरीनं गुळाचं बोट त्याच्या जिभेला लावलं. बाळानं मिटक्या मारल्या. मच् मच् मच्.

मग मोहरी वाकली. बाळाच्या कानाशी गेली.

"कुर्रर्रर्र..." ती म्हणाली. आणि हळूच नाव सांगितलं.

"खसखस!"

बाळ हसलं. सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. धप धप धप! बारशाला आत्यानं धपाटे खायचेच असतात. मोहरीनं हसत हसत खाल्ले.

बाळाला नाव मिळालं!

पण वारूळ केवढं मोठं! सगळ्यांना नाव कसं कळणार? मुंग्या ओरडून सांगत नाहीत. कानात सांगतात. मोहरीनं वहिनीला सांगितलं. वहिनीनं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं पुढच्या मुंगीला सांगितलं. तिनं तिच्या पुढच्या मुंगीला. अशी रांगच रांग लागली. रांग वारुळातून बाहेर आली. रस्ता ओलांडून आली. आपल्या उंबऱ्यापर्यंत आली.

म्हणून मला कळलं.

आता कान इकडे करा. अजून जवळ. कुर्रर्रर्र... खसखस!

झालं का ऐकून? मग पळा. बाबांच्या कानात सांगा. ताईच्या कानात सांगा. आणि त्यांना म्हणावं, तुम्हीपण पुढे सांगा हं. बाळाचं नाव सगळ्यांना कळायला हवं.